मशीन इकडे, बॅटरी तिकडे

गावाचं नाव मी सांगणार नाही. आसेगावहून मंगरूळपीरकडे येताना डाव्या हाताला एक पांढरी पाण्याची टाकी दिसते, तिच्या आसपास कुठेतरी ते आहे, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे ते शेषराव मिस्त्री अजून ठणठणीत आहेत, आणि आपल्याबद्दल लिहिलेल्यात कुठे माप चुकलंय हे सांगायला ते दोन एसट्या बदलून माझ्या दारात उभे राहू शकतात. एका लग्नात त्यांनी पत्रिकेवर छापलेलं गणपतीचं सिंहासन सुतारकामाच्या दृष्टीने उभंच राहू शकत नाही, हे नवरदेवाच्या बापाला भर मांडवात समजावून सांगितलं होतं. तेव्हा सावध असलेलं बरं.

मी त्या गावात नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. या नऊ वर्षांत मला सगळ्यात अवघड प्रश्न कोणी विचारला असेल, तर तो पन्नाशी उलटलेल्या या माणसाने. त्याचं बरोबर उत्तर मी दिलं होतं, आणि तरी ते उत्तर कुचकामी होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

शेषराव उंच, सडपातळ आणि कमरेत थोडे पुढे झुकलेले. पुष्कळ वर्षं रंधा मारला की माणूस सरळ उभा राहिला तरी पाटावर वाकल्यासारखाच दिसतो. डाव्या कानामागे पेन्सिल. ते लिहीत काहीच नसत. लाकडावर रेघ मारायची आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं, एवढीच त्या पेन्सिलची कामं. कानामागून पेन्सिल काढून त्यांनी हवेत धरली की समोरचा आपोआप गप्प होई. मी वर्गात चाळीस पोरांपुढे खडू धरून पाहिला, तसं काही घडलं नाही.

टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळी मापं विती आणि बोटांत. "टेप दुकानदाराची असते गुरुजी, ईत आपली असते," असं ते म्हणत आणि दार चौकटीत असं बसवत की मध्ये कागद सरकू नये. त्यांच्या मते जगात न बसणारी वस्तूच नव्हती. कुऱ्हाडीचं पातं कोणाच्याही घरचं असो, दांडा कोणत्याही बाभळीचा असो, पाचर मारली की बसतो. गावात कोणाच्या वखराचं काही मोडलं, तर शेजारच्याच्या वखराचं आणून दिवस निघतो. गाव चालतं ते याच्यावर, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो सिद्धांत ते चहा निवेपर्यंत सांगत.

त्यांचा धाकटा भाऊ देवराव. तोही मिस्त्री, पण बुटका आणि अबोल. शेषराव बोलायचे आणि देवराव तोवर काम उरकून ठेवायचे, अशी ती जोडी होती. वडील असताना तिघांनी मिळून अकोल्याहून बिनवायरच्या मशीनचा एक संच आणला होता. हिरव्या रंगाचा. त्यात एक ड्रिल, एक कटर, दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. आमच्याकडे कंपनीचं नाव कोणी घेत नाही, रंगावरून ओळखतात. तेव्हा गावोगाव घरकुलं बांधली जात होती, आणि घर उभं राहिलं तरी मीटर यायला वेळ लागे. मीटर असलं तरी लाईन असेलच असं नाही. अशा ठिकाणी हे दोघं भाऊ हिरवी मशीन घेऊन जात आणि फुर्रकन चौकटी बसवून येत. लोक नुसते पाहायला जमत.

मग वडील गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. भांडण होऊन नव्हे. भांडण झालं असतं तर चार माणसांनी बसून मिटवलं तरी असतं. घरात माणसं वाढली, चुली दोन झाल्या, मग बाकीचंही दोन झालं.

वाटणीचा कागद लिहायला मला बोलावलं होतं. अक्षर चांगलं, आणि गावात सोयरा कोणी नाही, ही माझी पात्रता. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. शेषरावांनी ओसरीवर हत्यारांचे दोन ढीग लावले. इकडे रंधा तिकडे रंधा, इकडे करवत तिकडे करवत. शेवटी हिरवा संच आला. शेषराव जरा वेळ पेन्सिल हातात घेऊन बसले. मग दोन्ही मशीनी त्यांनी एका ढिगात ठेवल्या, आणि दोन्ही बॅटऱ्या चार्जरसकट दुसऱ्यात.

तीन पंच चहा पीत होते. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. इकडे दोन नग, तिकडे तीन नग, पण तिकडचे लहान. देवराव बराच वेळ दोन्ही ढिगांकडे पाहत राहिले आणि त्यांनी बॅटऱ्यांचा ढीग उचलला. मी कागदावर लिहिलं, 'मशीन नग दोन, शेषराव. बॅटरी नग दोन व चार्जर, देवराव.' विज्ञानाचा पदवीधर असून हे लिहिताना माझा पेन कुठे अडखळला नाही. तो कागद अजून त्यांच्याकडे असणार, आणि अक्षर माझंच आहे.

चार दिवसांनी गावाच्या ध्यानात आलं. मग काय, गावाला महिनाभर विषय पुरला. कोणी म्हणे थोरल्याने डाव टाकला, कोणी म्हणे धाकट्याने उलटवला. दोघंही मूर्ख, यावर मात्र एकमत झालं. ओसरीवर मध्ये विटांची भिंत आली, दारं शेजारीशेजारी राहिली. या दारातून त्या दारात जायला दहाबारा पावलं. ती पावलं चालून शेषराव बॅटरी मागायला गेले नाहीत आणि देवराव मशीन मागायला आले नाहीत. देवरावांनी निळ्या रंगाचा नवा संच आणला. शेषराव पंधरा दिवस थांबले आणि अकोल्याला हिरवी बॅटरी आणायला गेले.

तिथून ते सरळ शाळेत आले. मधली सुट्टी होती. माझ्या टेबलावर त्यांनी आपलं ड्रिल ठेवलं आणि शेजारी दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक कोणाची तरी मागून आणलेली निळी, दुसरी अकोल्याची नवी हिरवी.

"गुरुजी, हे वाचा बरं. काय लिवलं हाय?"

"अठरा व्होल्ट."

"अन् याच्यावर?"

"अठरा व्होल्ट."

"अन् मशीनवर?"

"अठराच."

"मंग अठरा, अठरा अन् अठरा सारखे हायेत का नाई?"

"सारखे आहेत."

"मंग हे याच्यात जाऊन काहून नाई राह्यली?"

मी समजावून सांगितलं. आतले सेल बहुतेक एकसारखेच असतात, पण प्रत्येक कंपनी बाहेरची खाच आपली वेगळी ठेवते. एकदा तिची मशीन घेतली की जन्मभर तिच्याच दारात यावं, असा हिशेब. ती नवी हिरवी का बसत नाही, तर कंपनीने मध्यंतरी खाचच बदलली. जुनं मॉडेल बंद झालं.

शेषरावांनी पेन्सिल काढली, मी गप्प झालो.

"म्हंजे एकाच घरचे, अन् एकमेकाच्या चपला पायात जात नाई."

मी टेबलावरचा खडू उगाच इकडचा तिकडे ठेवला. या माणसाला आपण काय बोललो ते कळलं आहे का, हे पाहायला मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नव्हतं कळलं. ते बॅटरीच्या खाचेत बोट घालून माप घेत होते.

"हे खाच मानसानंच केली ना?"

"हो."

"मंग मानसाले मोडता येईन," असं म्हणून त्यांनी सामान गोळा केलं. त्या दिवसापासून शेषराव मिस्त्री आमच्या भागातले बॅटरीचे शास्त्रज्ञ झाले. त्या मशीनला चालणाऱ्या दोन बॅटऱ्या भिंतीपलीकडे होत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण शास्त्रज्ञाला कोणी अशा किरकोळ गोष्टीवरून टोकत नाही.

पहिला प्रयोग फवारणीच्या पंपावर झाला. पाठीवर अडकवायचा बॅटरीचा पंप आता घरोघर आहे. शेषरावांनी आपल्या पंपातून दोन वायरी बाहेर काढल्या आणि ड्रिलला जोडल्या. पंप बारा व्होल्टचा, मशीन अठराची. पण मशीन जुनी, साधी, फिरली. आजारातून उठल्यासारखी फिरली, पण फिरली. दुसऱ्या दिवशी ते शांताबाई नावाच्या एका बाईच्या घरकुलात चौकट बसवायला गेले. पाठीवर सोळा लिटरची टाकी, हातात ड्रिल. शांताबाईने त्यांना दारातच अडवलं.

"मिस्त्री, घरात लेकरू झोपलं हाय. औषध मारू नका."

"औषध नाई बाई, भोकं पाडाले आलो."

"मंग हे पाठीवर काय हाय?"

"लाईन हाय," शेषराव म्हणाले आणि आत गेले. टाकीत वजनासाठी थोडं पाणीही होतं, कारण रिकामी टाकी पाठीवर नीट बसत नाही असं त्यांचं म्हणणं. एका भोकाला पाव तास लागला. संध्याकाळी सुमनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांची पाठ शेकली. मी भेटायला गेलो तर पालथे पडून म्हणाले, "चालते गुरुजी. जरा धीर पाह्यजे." देवरावांची निळी मशीन भिंतीपलीकडे फुर्रफुर्र चालली होती. आवाज आला की शेषराव मोठ्याने बोलत.

दुसरा प्रयोग सार्वजनिक होता. ग्रामसभेत ऐनवेळचे विषय आले तेव्हा शेषराव उठले आणि म्हणाले की गावाने ठराव घ्यावा, यापुढे ज्याला बिनवायरची मशीन घ्यायची त्याने एकाच रंगाची घ्यावी. म्हणजे याची बॅटरी संपली की त्याची घेता येईल. कुदळ-फावड्याला जे लागू, तेच मशीनला लागू.

कल्पना उत्तम होती. मी मनातल्या मनात टाळीसुद्धा वाजवली. पण गावात रंगाचं नाव काढलं की माणसं आधी झेंडा आठवतात.

"कोनता रंग?" एकाने विचारलं.

"कोनताबी. पन एक."

"तसं नाई. आधी रंग सांगा, मंग पाहू."

पुढच्या दहा मिनिटांत निळ्याच्या बाजूने एक गट झाला, पिवळ्याच्या बाजूने दुसरा. ज्यांच्याकडे मशीनच काय, पण साधा पेचकससुद्धा नव्हता, ते सगळ्यात हिरिरीने बोलत होते. एक जण भगवी मशीन का निघत नाही म्हणून कंपन्यांवर घसरला. ग्रामसेवक खाली मान घालून 'साधकबाधक चर्चा झाली' असं लिहीत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "ज्याच्याकडं हिरव्या बॅटऱ्या हायेत पन मशीन नाई, त्यानं काय कराव?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. देवराव कडेला कडुनिंबाच्या पारावर बसले होते. ते उठले, पॅन्ट झटकली आणि घराकडे चालू लागले. शेषरावांनी हातातली पेन्सिल कानामागे ठेवली आणि खाली बसले. विषय पुढच्या सभेवर गेला, आणि पुढच्या सभेत पाणीपट्टी होती.

देवरावांचं मला त्या काळात मोठं नवल वाटे. त्यांच्याकडे बॅटऱ्या होत्या, चार्जर होता. जुनी हिरवी मशीन त्या भागात कोणाकडे तरी सापडली असती, पण त्यांनी कधी शोधली नाही. शाळेचा बाक दुरुस्त करायला आले तेव्हा मी विचारलं, "त्या बॅटऱ्यांचं काय करता?" ते म्हणाले, "हायेत." आणि रंधा मारू लागले. 

तिसरा प्रयोग सागवानाचा. शेषरावांनी हाताच्या पंजाएवढा सागाचा ठोकळा घेतला. एका बाजूने त्यात निळ्या बॅटरीच्या मापाची खाच कोरली, दुसऱ्या बाजूने हिरव्या मशीनच्या मापाची. आत जुन्या स्विचच्या तांब्याच्या पट्ट्या. सात दिवस ते पटाशीने कोरत होते. मी ती वस्तू हातात घेतली तेव्हा खरंच थक्क झालो. कारखान्यात साच्यातून काढावी इतकी नेमकी, वर पॉलिशही केलेलं. त्यांनी तिचं नाव 'सोयरा' ठेवलं. दोन घरं जोडतो म्हणून सोयरा.

गावात मोतीराम नावाचा वेल्डिंगवाला होता. त्याच्याकडे निळ्या बॅटऱ्या होत्या. त्याची एक मागून आणली, ठोकळ्यात बसवली, ठोकळा मशीनला बसवला आणि मशीन अशी फिरली की सुमनवहिनींनी देवापुढे साखर ठेवली. बारा दिवस ती चालली. आसपासच्या गावांहून मिस्त्री पाहायला आले. इंझोरीच्या एकाने तसाच ठोकळा करून मागितला. त्या बारा दिवसांत शेषराव जमिनीपासून चार बोटं वर होते. फक्त भिंतीपलीकडून कोणी पाहायला आलं नाही, आणि मला वाटतं त्यांना बाकी कोणी आलं नसतं तरी चाललं असतं.

तेराव्या दिवशी आसेगावात एका दाराला कटर चालवताना ठोकळ्यातून धूर निघाला. शेषरावांनी बॅटरी ओढून काढायला उघडा हात घातला. प्लास्टिक वितळून तळहाताला चिकटलं. बॅटरी अंगणात पडून फसफसत राहिली, घरची माणसं लांब पळाली. मोतीरामला पुढे त्यांनी बॅटरीच्या बदल्यात नवा पलंग करून दिला, आणि त्याने तो आनंदाने घेतला. पण तो हात महिनाभर बांधलेला होता.

मी त्यांच्यावर रागावलो. खरोखर रागावलो. हात जायचा होता, घर पेटलं असतं. मी म्हणालो, "मिस्त्री, नुसती खाच जुळून भागत नाही. बॅटरीत एक तिसरी तार असते. मी तापले, आता थांब, असं ती मशीनला त्या तारेवरून सांगते. तुमच्या लाकडातून ते ऐकू कसं जाणार?"

ते खाटेवर बसून बांधलेल्या हाताकडे पाहत होते. पेन्सिल काढायला दुसरा हात होता, पण काढली नाही.

"म्हंजे बसली तरी बोलाव लागते," ते म्हणाले, आणि या वेळी काय बोललो ते त्यांना कळलं होतं. ते उठून मागच्या अंगणात गेले.

सुमनवहिनी चहा घेऊन आल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"गुरुजी, तुमाले वाटते हे येडे हायेत म्हून. साऱ्या गावाले वाटते."

"नाही हो वहिनी."

"वाटते. म्यां बी इचारलं होतं वाटणीच्या दिवशी. मशीन इकडे, बॅटरी तिकडे, हे काय केलं तुमी? तं मले म्हनले, आता चूल येगळी झाली, भिंत होईन, मंग आपला देवा माह्याकडं कायले येईन? असं केलं का काम निघालं म्हंजे त्याले याव लागन, नाई तं मले जाव लागन. येनंजानं राहीन."

मी हातातला कप खाली ठेवला. ती यादी मी लिहिली होती, पंचांनी सही केली होती, गावाने महिनाभर हसून घेतलं होतं, आणि इतकी शहाणी वाटणी त्या तालुक्यात दुसरी झाली नसेल. फक्त पहिल्यांदा कोणी जायचं, एवढं त्यात लिहायचं राहिलं होतं.

"मग जात का नाहीत?" मी विचारलं.

"हे म्हनते, मी मोठा हाओ. तो धाकटा हाय, त्यानं याव. अन् त्यानं लगेच निळी आनली ना, तं याईले वाटलं, त्याले आपली गरजच नाई राह्यली. गरज नसन त्याच्या दारात कसं जाव?"

 मी पोरांना विद्युत परिपथ शिकवत होतो. कुठेही तुटलं तर प्रवाह वाहत नाही, एवढं मला ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर बातमी आली की देवराव गाव सोडून चालले. मुलगा पुण्याकडे कारखान्यात लागला होता, त्याने आईबापाला बोलावून घेतलं. सोयाबीन निघालं की जायचं, घराला कुलूप. मग वर्षातून एखाद्या वेळी येणं झालं तर झालं. शेषरावांच्याही कानावर ते गेलं. त्यांनी त्या आठवड्यात एक दार चौकटीपेक्षा बोटभर लहान केलं, आणि त्यांच्या हातून असं झालेलं सुमनवहिनींनी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

पुढल्या सोमवारी ते मधल्या सुट्टीत शाळेत आले. रिकाम्या हाताने.

"गुरुजी, बॅटरी चार्ज न करता तशीच ठेवली तं किती दिवस जित्ती राह्यते?"

"वर्ष, फार तर दीड वर्ष."

"अन् सा वर्सं?"

"सहा वर्षं? मेलीच समजा."

"नक्की?"

"नक्की."

"चार्जरले लावली तरी?"

"लाल दिवा लुकलुकेल. बाकी काही नाही."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. मला स्वतःला वाटत होतं. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता इतका.

"मंग आता मागाले हरकत नाई," ते म्हणाले.

"आता मागून काय उपयोग?"

"म्हनून तं. कामाची होती तवा मागितली असती, तं शेषराव गरजेपायी आला म्हनले असते. मेलेली बॅटरी मागाले गेलो तं कोनी काय म्हनन?" आणि ते निघून गेले. मी सुट्टी संपल्यावर पोरांना धडा उघडायला सांगितला आणि कितवा ते सांगायला विसरलो.

त्याच दिवसांत माझ्याही बदलीचा कागद आला. मला धनजला जायचं होतं, शनिवारी कार्यमुक्त होणार होतो. शुक्रवारी सकाळी शाळेत निघालो तर देवरावांच्या दारात टेम्पो उभा होता. भांडी, गाद्या, कूलर, हत्यारांची पेटी, सगळं चढलं होतं. देवरावांची बायको तुळशीला पाणी घालत होती. देवराव दाराशी वाकून काहीतरी करत होते. त्या घरात कोणी ना कोणी कायम असायचंच, म्हणून बाहेरून कुलूप लावायला कडीच कधी बसवलेली नव्हती. मिस्त्रीचं घर ते. आता ऐनवेळी कडी बसवायची, तर निळी मशीन टेम्पोत गाद्यांच्या तळाशी गेली होती.

शेजारच्या दारातून शेषराव बाहेर आले. धुतलेला शर्ट, हातात हिरवं ड्रिल. मी रस्त्यावर होतो तिथेच थांबलो. थांबायला नको होतं, पण पाय पुढे गेले नाहीत. सुमनवहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

ते भिंतीला वळसा घालून भावाच्या ओट्यापाशी आले.

"देवा."

"हो, दादा." देवराव उभे राहिले.

"ते हिरव्या बॅटऱ्या असतीन तं दे. मेल्या असतीन आता. पन असू दे म्हटलं, जोडी राहीन."

देवराव आत गेले. घर रिकामं झालेलं होतं, तरी त्यांना काही शोधावं लागलं नाही. टॉवेलात गुंडाळलेल्या दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जर घेऊन ते बाहेर आले. तेवढ्या वस्तू टेम्पोत चढल्या नव्हत्या.

"मेल्या नाईत," ते म्हणाले.

"सा वर्सं झाले. गुरुजीनं सांगतलं मले, मेल्या म्हून."

"नाई मेल्या. अमोशाले काम बंद राह्यते आपलं. दर अमोशाले लावतो चार्जिंगले."

शेषरावांनी टॉवेल बाजूला करून बॅटऱ्या पाहिल्या. माझ्या विज्ञानाकडे त्या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं, ते बरंच झालं.

"तुह्याकडं मशीन कुठी होती हिची?"

"नव्हती."

"मंग कायले लावत होता?"

"तू मागाले येशीन म्हून."

शेषरावांचा हात कानामागे गेला आणि तसाच खाली आला. मेलेली बॅटरी मागायला ते सगळी तयारी करून आले होते. जिवंत बॅटरीची तयारी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. देवरावांनीच त्यांच्या हातातलं ड्रिल घेतलं, बॅटरी सरकवली. टक् असा आवाज झाला. खटका दाबला तर मशीन फुर्रकन फिरली.

"आन इकडं," शेषराव म्हणाले. "कडी धर तू."

देवरावांनी कडी दारावर धरली आणि शेषराव भोकं पाडायला लागले. चार स्क्रूचं काम, शेषरावांसाठी दोन मिनिटांचं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मग खाली उतरून आला, दोघांकडे पाहिलं आणि परत जाऊन बसला. ऊन ओट्यावर आलं होतं. पाव तास झाला तरी कडी दोनच स्क्रूवर होती.

"झालं का, दादा?" देवरावांनी विचारलं.

"थांब. हे भोक तिरपं गेलं."

मी पुढे होऊन पाहिलं. भोक अगदी सरळ होतं. देवरावांनीही पाहिलं आणि ते कडी धरून उभे राहिले. शेषरावांनी त्या भोकात लाकडाची काडी ठोकून ते बुजवलं आणि पुन्हा पाडायला घेतलं.